जुन्या लिनक्स संगणकासाठी हलके ऑफिस कसे निवडावे

गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जो संगणक आहे, त्यात २ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. त्यावर डेबियन ही लिनक्सची मुक्तस्रोत प्रणाली एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह बसवलेली आहे. ग्रंथपाल त्यावर पत्रे लिहितात, हंगामात आंबा बागायतदार येऊन पेट्यांचा हिशोब मांडतात आणि भाद्रपद जवळ आला की उत्सव मंडळाच्या वर्गणीची यादीही त्याच संगणकावर तयार होते. हा संगणक चालता ठेवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे आसपासच्या वाड्यांतून, सोसायट्यांतून आणि घरांतून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: यावर सर्वांत हलके ऑफिस, म्हणजे लेखन-हिशोबाचे प्रोग्रॅम, कोणते चालेल?

त्यावर मी आधी उलट विचारतो, की आपण तयार केलेली फाईल पुढे कोण उघडणार आहे. ही सवय मला एका चुकीमुळे लागली. पहिल्या वर्षी मी केवळ हलकेपणा पाहून वाचनालयात एक लहानसा लेखनाचा प्रोग्रॅम बसवला. वार्षिक अहवालाचा नमुना डॉकएक्स (वर्डच्या) स्वरूपात आला होता आणि त्यात जोडलेल्या रकान्यांचा एक मोठा तक्ता होता. ग्रंथपालांनी तो दोन दिवस खपून भरला, आम्ही तो त्याच स्वरूपात साठवून पाठवला, आणि नमुना पाठवणाऱ्यांकडे तो उघडल्यावर सभासदसंख्येचा रकाना खर्चाच्या रकान्याखाली जाऊन बसलेला दिसला. प्रोग्रॅम त्याच्या कामापुरता उत्तम होता. हे काम त्याचे नव्हते, आणि ते ओळखणे माझ्याकडून राहिले होते.

म्हणून निवडीला बसण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि गेल्या तीन महिन्यांत संगणकावर कोणकोणत्या फाईली तयार झाल्या, त्यांची यादी करावी. प्रत्येक फाईलसमोर ती छापून संपली, घरातच राहिली की दुसऱ्याकडे दुरुस्तीसाठी गेली, एवढे लिहावे. सूचनाफलकावरची नोटीस, घरचा हिशोब, सभेचे इतिवृत्त या फाईली घराबाहेर जात नाहीत किंवा कागदावर उतरूनच जातात. त्यांना कोणतेही हलके साधन चालते. जी फाईल बाहेर जाऊन पुन्हा आपल्याकडे भरायला किंवा सुधारायला येते, तिच्यावर निवड अवलंबून असते. अशी एकही फाईल नसेल, तर पुढचे काम फार सोपे आहे.

संगणकाची ताकद आधी मोजावी

संगणक मंद आहे म्हणून सारा दोष ऑफिसला देण्यापूर्वी मंदपणा नेमका कशाचा आहे ते पाहावे. एक्सएफसीईमध्ये टास्क मॅनेजर उघडला, की कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेत आहे ते दिसते. आमच्या संगणकावर लिब्रेऑफिस या मोठ्या संचातला रायटर हा लेखनाचा प्रोग्रॅम रिकामा असताना साधारण २०० एमबी घेतो आणि अ‍ॅबीवर्ड हा लहान लेखनाचा प्रोग्रॅम त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. फरक मोठा आहे खरा, परंतु त्याच वेळी ब्राउझरमध्ये तीन-चार पाने उघडी असतील, तर ती एकटी १ जीबीच्या पुढे जातात. लिहिताना ब्राउझर बंद ठेवण्याची सवय लावली, तर २ जीबीच्या संगणकावर लिब्रेऑफिसही समाधानकारक चालते, असा माझा अनुभव आहे. १ जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल, तर मात्र अ‍ॅबीवर्ड आणि ग्नुमेरिक हा हिशोबाचा प्रोग्रॅम ही जोडीच शहाणपणाची ठरते.

दुसरी पाहणी सकाळी करावी. संगणक सुरू केल्यावर रायटर पहिल्यांदा उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, मग तो बंद करून लगेच पुन्हा उघडावा. आमच्याकडे पहिल्या वेळी ४० सेकंद लागत आणि दुसऱ्या वेळी ६. दुसऱ्या वेळी त्याच्या फाईली मेमरीत आधीच आलेल्या असतात, त्यामुळे हा फरक हार्ड डिस्कच्या संथपणाचा असतो, ऑफिसच्या वजनाचा नव्हे. असे आढळले तर प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा साध्या साटा जोडणीची लहान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवावी. खाऱ्या दमट हवेत जुन्या डिस्का तशाही फार टिकत नाहीत, त्यामुळे हा खर्च दोन्ही अंगांनी कारणी लागतो.

कोणते पर्याय खरोखर विचारात घ्यावेत

लिब्रेऑफिस हे २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि आज द डॉक्युमेंट फाउंडेशन त्याचा सांभाळ करते. लेखनाचा रायटर, हिशोबाचा कॅल्क, सादरीकरणाचा इम्प्रेस, रेखाटनाचा ड्रॉ आणि माहितीसाठ्याचा बेस असा त्याचा मोठा संसार आहे. मुक्तस्रोत जगात सर्वाधिक लक्ष याच्यावर असल्यामुळे बाहेरून आलेली डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स (एक्सेलची) फाईल उघडण्यात आणि परत त्याच स्वरूपात देण्यात ते हलक्या पर्यायांपेक्षा निश्चितपणे सरस आहे. याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: रायटर आणि कॅल्क दिसायला दोन असले तरी आतून एकाच प्रक्रियेत चालतात, त्यामुळे रायटर उघडा असताना कॅल्क उघडल्यास मेमरीचा भार दुप्पट होत नाही.

अ‍ॅबीवर्ड १९९८ मध्ये सुरू झालेला, केवळ लेखनासाठीचा प्रोग्रॅम आहे. पत्र, नोटीस, इतिवृत्त, चार-सहा पानांचा लेख यांसाठी तो पुरेसा आहे आणि जुन्या संगणकावर तो जवळजवळ क्षणात उघडतो. गुंतागुंतीचे तक्ते, तळटीपांची गर्दी आणि चित्रांभोवती वळणारा मजकूर ही त्याची दुबळी बाजू आहे. त्याच्यावर काम करणारे हात कमी असल्यामुळे सुधारणा सावकाश येतात, हेही स्वीकारूनच तो घ्यावा.

ग्नुमेरिकची पहिली पक्की आवृत्ती २००१ च्या अखेरीस आली. तो केवळ तक्त्यांचा आणि आकडेमोडीचा प्रोग्रॅम आहे आणि संख्याशास्त्रीय गणितांच्या अचूकतेबद्दल त्याचा लौकिक आहे. हलक्या पर्यायांपैकी हाच मला सर्वाधिक भरवशाचा वाटतो.

कॅलिग्रा हा केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या परिवारातील संच आहे. डेस्कटॉपच केडीईचा असेल तर त्याची सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचे भाग) आधीच मेमरीत असते आणि मग तो सोयीचा पडतो. एक्सएफसीईवर केवळ त्याच्यासाठी वेगळा पसारा आणावा लागतो, म्हणून मी तो सुचवत नाही. ओन्लीऑफिस डॉकएक्सची मांडणी चांगली राखते आणि मुक्तस्रोतही आहे, परंतु त्याच्या आत ब्राउझरचेच इंजिन असल्यामुळे त्याला हलके म्हणता येत नाही. डब्ल्यूपीएस ऑफिस आणि फ्रीऑफिस विनामूल्य मिळतात, पण ते मुक्तस्रोत नाहीत. ज्या संगणकावर आपण जाणीवपूर्वक मुक्त प्रणाली बसवली, तिथे त्यांना मी जागा देत नाही. इंटरनेटवर चालणारे ऑफिस तर घाटाखालच्या आमच्या वाड्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरवशाचे नाही.

हलक्या लिनक्स वितरणांचा, म्हणजे डेबियनसारख्या तयार संचांचा, कलही पाहण्यासारखा आहे. लुबुंटूने १८.०४ या आवृत्तीपर्यंत अ‍ॅबीवर्ड आणि ग्नुमेरिक दिले आणि १८.१० पासून लिब्रेऑफिस दिले. पपी लिनक्ससारखी अगदी लहान वितरणे मात्र अ‍ॅबीवर्ड-ग्नुमेरिकच्या वाटेने गेली. म्हणजे दोन्ही वाटा जाणत्यांनी चोखाळलेल्या आहेत.

मराठीची परीक्षा

प्रोग्रॅम कोणताही ठरवा, त्याची मराठीची परीक्षा घेतल्याशिवाय तो कामाला लावू नये. मी एक वाक्य ठरवून ठेवले आहे आणि प्रत्येक नव्या संगणकावर ते टंकून पाहतो: ‘ऑगस्टमधल्या वाऱ्याने किनाऱ्यावरच्या झापांचे छप्पर उडाले आणि विद्यार्थ्यांनी श्रीकृष्णाच्या देवळात बसून विज्ञानाचा धडा पुरा केला.’ यात ‘ऑ’ची अर्धचंद्राकृती आहे, ‘ऱ्य’चा अर्धा र आहे, ‘र्थ्या’सारखी तिहेरी जोडणी आहे आणि ‘श्री’, ‘कृ’, ‘ष्ण’, ‘ज्ञ’ ही सगळी अवघड मंडळीही आहेत. हे वाक्य पडद्यावर नीट दिसते का, एकेका अक्षरावरून कर्सर पुढे सरकवताना तो भलत्या ठिकाणी उडी मारतो का, मागचे अक्षर खोडताना अख्खे जोडाक्षर नाहीसे होते का, आणि शेवटी तेच वाक्य पीडीएफमध्ये उतरवल्यावर जसेच्या तसे राहते का, हे क्रमाने तपासावे. पडद्यावर ठीक दिसणारा मजकूर छापताना बिघडू शकतो, म्हणून पीडीएफची पायरी गाळू नये.

‘ऱ्य’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हाती जातात. हा फरक टंकलेखनाच्या पातळीवरच राखावा लागतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्यापुढे हलन्त व ‘य’ दिल्यास हे जोडाक्षर मिळते. आयबस या कळफलक निवडण्याच्या साधनातून इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलक यांपैकी जो हाताला बसेल तो घ्यावा, मात्र त्यातून हे अक्षर उमटते याची खात्री पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीसाठी एक जुळवणी स्वतः करावी लागते आणि ती न केल्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो. हा प्रोग्रॅम रोमन लिपीचा मजकूर आणि देवनागरी मजकूर यांचे फॉन्ट वेगवेगळे ठेवतो. त्यामुळे ओळीतला रोमन आकडा एका फॉन्टमध्ये व एका आकारात आणि शेजारचा मराठी शब्द दुसऱ्यात, असे विसंगत दृश्य दिसते. टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची (देवनागरीसारख्या लिपींच्या मांडणीची) सोय चालू करावी, तिथे भाषा मराठी निवडावी, आणि रायटरच्या मूळ फॉन्टांच्या पानावर त्या गटासाठी नोटो सॅन्स देवनागरी, लोहित देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांपैकी एक फॉन्ट कायमचा ठरवून द्यावा. भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवण्याला आणखी एक कारण आहे: काही युनिकोड (सर्व लिपींच्या सामायिक अक्षरसंकेतावरच्या) फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच ती उमटतात.

अ‍ॅबीवर्ड आणि ग्नुमेरिक दोघेही मजकूर मांडण्याचे काम पँगो या सामायिक लायब्ररीवर सोपवतात, त्यामुळे फॉन्ट चांगला असेल तर जोडाक्षरे तिथेही व्यवस्थित येतात. अ‍ॅबीवर्डमध्ये लांबलचक मराठी परिच्छेदात मधोमध दुरुस्ती करून मात्र अवश्य पाहावे.

जुन्या फाईलींविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेला मजकूर कोणत्याही ऑफिसमध्ये उघडला तरी निरर्थक चिन्हेच दिसतात. तो दोष प्रोग्रॅमचा नाही आणि प्रोग्रॅम बदलून तो जात नाही. असा मजकूर आधी रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा, एकदा डोळ्यांखालून घालावा आणि मगच नव्या ठिकाणी साठवावा.

आंब्याच्या पट्ट्या आणि हिशोबाचे साधन

आमच्या भागात हिशोबाच्या प्रोग्रॅमची खरी कसोटी चैत्र-वैशाखात लागते. बागायतदार वाशीच्या बाजारात पेट्या पाठवतो आणि दलालाकडून पट्टी येते. तिच्यावर तारीख, पेट्या, प्रत्येक पेटीतले डझन, भाव, हमाली, तोलाई, हुंडेकऱ्याचे भाडे आणि शेवटी निव्वळ रक्कम असते. एका ओळीत एक पट्टी, याप्रमाणे हंगामात दोन-अडीचशे ओळी होतात. कोणत्या दलालाकडे किती माल गेला, चार डझनी पेटीला काय सरासरी पडली आणि सहा डझनीला काय, एवढेच त्यातून काढायचे असते. हे सगळे काम ग्नुमेरिक अत्यंत सहजपणे करतो. अटीनुसार बेरीज करणारी सूत्रे त्यात आहेत, वर्गवारी आहे, गाळणी आहे, आणि पट्टीचा आकडा घातल्याबरोबर बेरीज बदललेली दिसते.

ग्नुमेरिक कुठे कमी पडतो तेही सांगितले पाहिजे. कॅल्कमध्ये आहे तशी पिव्होट तक्त्याची (माहितीचा गटवार सारांश काढण्याची) पूर्ण सोय त्यात नाही, आणि दुसऱ्याकडून आलेल्या तक्त्यात मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर ते त्यात चालत नाहीत. कॅल्कमध्ये रकमा १,२५,००० अशा आपल्या लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन दाखवण्याची मांडणी ठरवता येते. सोसायटीच्या ताळेबंदासाठी हे महत्त्वाचे आहे, कारण सभेत कागद हाती घेणाऱ्याला रक्कम एका नजरेत वाचता आली पाहिजे. आकडे देवनागरीत टंकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी आधी दोन चौकटींत देवनागरी आकडे घालून त्यांची बेरीज करून पाहावी. बेरीज शून्य आली, तर प्रोग्रॅमने त्यांना मजकूर समजून बाजूला ठेवले आहे असे जाणावे आणि हिशोबापुरते रोमन आकडे वापरावेत.

लिब्रेऑफिस घ्यायचे ठरल्यास त्याचे ओझे उतरवावे

बाहेर जाणाऱ्या फाईली आहेत म्हणून लिब्रेऑफिस घ्यावेच लागले, तरी ते अख्खे घेण्याचे कारण नाही. सिनॅप्टिक या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनातून फक्त रायटर आणि गरज असल्यास कॅल्क एवढीच पॅकेजे निवडावीत, सोबत जीटीके जुळवणीचे (एक्सएफसीईच्या खिडक्या-बटणांशी मेळ घालणारे) लहान पॅकेज आणि हवे तर मराठी भाषेचे पॅकेज घ्यावे. बेस, ड्रॉ आणि सुचवलेली जोडपॅकेजे सोडून द्यावीत. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप स्वरूपातील प्रत घेऊ नये, कारण ती आपल्या लायब्ररी स्वतः घेऊन येते, डिस्कवर जास्त जागा अडवते आणि पहिल्यांदा उघडायला अधिक वेळ घेते. वितरणाच्या स्वतःच्या भांडारातील प्रत थोडी जुनी असली तरी चालते.

बसवल्यावर ऑप्शन्समधील प्रगत पानावर जावाचा वापर बंद करावा; पत्रे आणि तक्ते यांना जावा लागत नाही. न लागणारी एक्सटेन्शन काढावीत. मेमरी फारच तुटपुंजी असेल तर झेडरॅमची सोय चालू करावी, म्हणजे मेमरीतली बाजूला पडलेली माहिती आवळून तिथेच ठेवली जाते आणि संथ डिस्कवर टाकावी लागत नाही.

दोन फॉन्टही आठवणीने घ्यावेत. बाहेरून येणाऱ्या फाईलींत बहुतेक वेळा कॅलिब्री किंवा कँब्रिया वापरलेला असतो. कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट अनुक्रमे त्यांच्याच मापाचे आहेत, त्यामुळे ओळी आणि पाने जागच्या जागी राहतात. विंडोजमधल्या मंगल या देवनागरी फॉन्टसाठी मात्र असा मापाबरहुकूम पर्याय माझ्या वापरात नाही. मंगलमध्ये बांधलेले मराठी पत्र आपल्याकडे एखादी ओळ पुढेमागे होऊन दिसेल. ज्या पत्रात दुरुस्ती अपेक्षित नाही, ते पीडीएफ करूनच पाठवावे.

साठवण आणि वीज

घरात राहणाऱ्या फाईली ओडीएफ स्वरूपात, म्हणजे पत्रे ओडीटीत आणि हिशोब ओडीएसमध्ये ठेवावेत. २००६ मध्ये आयएसओची मान्यता मिळालेले हे खुले स्वरूप आहे आणि वर सांगितलेले प्रोग्रॅम ते कमीअधिक चांगले वाचतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या बाजूलाही पुढे बरेच दिवस वीज नव्हती. वाचनालयाच्या फाईली पेनड्राइव्हवर घेऊन चिपळूणला एका परिचिताच्या विंडोज लॅपटॉपवर उघडाव्या लागल्या. ओडीएसमधल्या सगळ्या याद्या तिथे लिब्रेऑफिसमध्ये तत्काळ उघडल्या. ग्नुमेरिकच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवलेली एक यादी मात्र संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत अडकून राहिली. तेव्हापासून ग्नुमेरिकमध्येही साठवताना स्वरूप कोणते आहे ते मी दर वेळी पाहतो.

पावसात वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसल्यामुळे आपोआप जतन होण्याची सोय निवडीच्या वेळीच तपासावी. लिब्रेऑफिसमध्ये साठवणीच्या पानावर ही मुदत १० मिनिटांवरून ३ मिनिटांवर आणावी आणि नेहमी एक मागची प्रत ठेवण्याची खूण करावी. अ‍ॅबीवर्डच्या प्रेफरन्सेसमध्येही ठरावीक मिनिटांनी जतन करण्याची सोय आहे, ती चालू करावी.

ठरवलेला प्रोग्रॅम आणि त्याच्याबरोबर एक पर्यायी, असे दोन्ही महिनाभर संगणकावर असू द्यावेत. यादीतली प्रत्येक फाईल, विशेषतः बाहेर जाऊन परत येणारी, निवडलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडून, बदलून, साठवून पाहावी आणि तीच फाईल विंडोज असलेल्या एखाद्या ओळखीच्या संगणकावर पाठवून तिथला पडदा कसा दिसतो याचे छायाचित्र मागवावे. आमच्या वाचनालयात या चाचणीनंतर लेखनासाठी रायटर आणि हिशोबासाठी ग्नुमेरिक अशी मिश्र जोडी राहिली. मच्छीमार सोसायटीने मात्र लाखाच्या मांडणीसाठी कॅल्क घेतला. ही सारी पॅकेजे, फॉन्ट आणि मराठीची जुळवणी मृग लागण्यापूर्वी, जोडणी धड असताना उतरवून घ्यावीत, कारण जुलैमध्ये शंभर एमबी उतरवायलाही आमच्याकडे कधीकधी दोन दिवस लागतात.